परमुलखातील पहिले वर्ष

(देवस्थानच्या वार्षिक महाजन-कुळावी मेळाव्यात दिलेले भाषण)



समितीने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा विषयाचे बंधन घातले नव्हते. "अडतीस वर्षे बँकेत काढलीत, काहीतरी अनुभवाचे बोला," एवढेच चिटणीसांनी सांगितले. व्याजदर आणि ठेवी यांवर मी बोलू लागलो तर महाप्रसादाची पंगत बसण्यापूर्वीच हा सभामंडप रिकामा होईल, हे मी जाणतो. म्हणून आपणा सर्वांच्या घरचाच एक विषय घेतला आहे. नोकरीधंद्यासाठी माणूस परगावी जातो, तेथे त्याला काही काळ, कधी कधी जन्मभर, आपण या जागेचे नव्हे असे वाटत राहते. त्या उपरेपणाविषयी मला बोलावयाचे आहे. या मंडपात बसलेल्या घराण्यांत ज्यातून कोणीच बाहेर गेले नाही असे एखादे घर असेल तर त्यांनी हात वर करावा. पाहा, एकही हात वर आला नाही.

आरंभी एका गोष्टीचे स्मरण करून देतो. ज्या अंत्रुज महालाला आपण मोठ्या अभिमानाने देवभूमी म्हणतो, त्या महालातील पुष्कळशी थोर दैवते मुळात येथली नव्हेत. श्रीमंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. १५६० साली भक्तांनी त्याला नदीपलीकडे प्रियोळास आणले. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, रामनाथ लोटलीहून बांदिवड्यास, नरसिंह सांकवाळहून वेलिंगास. मडगावचा दामोदर जांबावलीस गेला, आणि अजूनही दर वर्षी शिशिरोत्सवात मडगावकर मंडळी गुलाल उधळावयास त्याच्यामागे जांबावलीला जातात. साष्टी व बारदेश १५४३ साली पोर्तुगीजांकडे गेले होते. फोंडा महाल तेव्हा आदिलशाहीत होता, आणि तो पोर्तुगीजांच्या हाती लागला तो पुढे दोन शतकांनी, १७६३ साली. म्हणून देव नदी ओलांडून आले.

त्या वेळी प्रियोळ-कवळ्यातील मूळच्या ग्रामस्थांनी या पाहुण्यांना कोणत्या शब्दांत सामावून घेतले, कोणी कुरकूर केली काय, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. जागा मिळाली, एवढे आजचे दीपस्तंभ पाहून कळते. परंतु स्थिर होण्यास वेळ लागला. पेशव्यांकडून मंगेशास गाव इनाम मिळाला तो १७३९ साली, रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या खटपटीने. १५६० पासून मोजले तर एकशे एकोणऐंशी वर्षे होतात. नोकरीच्या गावी सहा महिन्यांत मन रमत नाही म्हणून घरी रडवे पत्र लिहिणाऱ्या तरुणाने हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

अर्थात ही तुलना फार ताणू नये. देव जुलमापायी गेले, आपण पगारासाठी जातो. जुलमाने घर सुटले तर माणसाला निदान कोणावर रागावता येते. स्वतः अर्ज करून, मुलाखत देऊन, नारळ फोडून जो निघाला त्याने तक्रार कोणाकडे करावी? "तूच तर गेलास" हे उत्तर सर्वांच्या ओठांवर तयार असते. नोकरीपायी आलेल्या उपरेपणाची हीच खरी अडचण आहे. ते बोलून दाखवता येत नाही, कारण ते आपणच मागून घेतलेले असते.

जे लोक दैवतांबरोबर अंत्रुजात न थांबता दक्षिणेकडे गेले त्यांच्याविषयी दोन शब्द सांगतो. त्यांतील काही कोचीपर्यंत पोहोचले आणि तेथे त्यांनी व्यापार, वैद्यकी, देवळे उभी केली. मलबारातील वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ डचांनी सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १६७८ साली आम्स्टरडॅमला छापला गेला. त्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र आहे. ते १६७५ सालचे असून नागरी लिपीत आहे. त्याच कामी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे ज्ञान तर पायाभूत ठरले. म्हणजे मलबारचा अच्युतन, बाहेरून आलेले आपले तिघे आणि सातासमुद्रांपलीकडून आलेले डच एका पानावर आले. ज्या मातीत आपण परके त्या मातीतल्या झाडापाल्याचा गुण सांगण्याइतके त्या तिघांनी ती माती जाणली होती. मला स्वतःला ही गोष्ट पराक्रमाच्या कित्येक कथांपेक्षा मोठी वाटते.

मुंबईचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे, तेव्हा तेथे रेंगाळत नाही. मात्र दोन संस्थांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिली आपल्या ख्रिस्ती बांधवांची 'कूड'. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावच्या गोवेकरांनी आपापल्या गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. बोटीवर काम करणारे तारवटी, आचारी, वाजंत्री, नोकरीच्या शोधात आलेली पोरे यांना तेथे ट्रंक ठेवण्याची जागा, अंग टाकण्यापुरती भुई आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना एवढे मिळे. ऐषाराम काहीच नव्हता. परंतु बंदरावर उतरलेल्या पोराला "आज रात्री कोठे निजू?" हा प्रश्न पडत नसे. आपल्या हिंदू मंडळींची सोय गिरगावच्या चाळींतून, ओळखीपाळखीने, एका खोलीत आठआठ जण राहून होत असे. दुसरी संस्था म्हणजे १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली दि गोवा हिंदु असोसिएशन. परगावी गेलेल्यांनी परस्परांच्या आधारासाठी काढलेल्या या संस्थेचा कलाविभाग पुढे असा नावारूपास आला, की १९७० साली शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आणण्याचा मान त्याला मिळाला. उपऱ्यांनी उभारलेल्या संस्थेने साऱ्या मराठी मुलखाला नाटक दिले, आणि ते पाहताना कोणा प्रेक्षकाच्या मनात ही मंडळी बाहेरची असे आले नसेल.

माझे वडील गिरगावात एका पेढीवर कारकून होते. १९५५ पासून १९६१ पर्यंत, म्हणजे हद्दीवर नाकेबंदी असताना, मुंबईचा गोवेकर कायद्याने परदेशी ठरत होता आणि गोव्यात परतला की त्याच्याकडे संशयाने पाहिले जात होते. देवीच्या जत्रेला यावयाचे तर परवान्यांचे दिव्य करावे लागे. त्या वर्षांत वडिलांनी चार जत्रा चुकवल्या. पालखीच्या रात्री ते खोलीत पश्चिमेकडे तोंड करून का बसत असत, हे आईला कधी उमगले नाही. गोवा तर दक्षिणेस. पुढे त्यांनीच खुलासा केला, की खिडकी त्याच बाजूला होती.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाकडे वळतो. जून १९७४ मध्ये अधिकारी म्हणून माझी पहिली नेमणूक वडोदऱ्यास झाली. वय बावीस. पावसाळ्यामुळे बोटी बंद होत्या, म्हणून बसने मुंबई आणि तेथून आगगाडी. गुजरातेत नवनिर्माण आंदोलन नुकतेच शमले होते. आईने बरोबर उकडे तांदूळ, भिरंडाची सोले आणि देवीच्या अंगाऱ्याची पुडी दिली होती. तांदूळ तीन आठवड्यांत संपले.

पहिली अडचण घराची. ज्या ज्या घरी गेलो तेथे पहिला प्रश्न नावाचा नसे, जेवणाचा असे. "मासे खाता?" मी खरे सांगत होतो आणि दार अदबीने बंद होत होते. कोणी अपमान केला असे म्हणणार नाही. त्यांच्या घराचे नियम त्यांचे. परंतु सातव्या दारावर गेल्यावर माणूस आपल्या आईच्या स्वयंपाकाकडे प्रथमच बाहेरून पाहू लागतो, आणि तो अनुभव फारसा सुखाचा नसतो.

शेवटी दांडिया बाजारात एका वृद्ध मराठी बाईंकडे माडीवरची खोली मिळाली. आजी कायस्थ प्रभू होत्या, त्यामुळे माशांचा प्रश्न आपोआप सुटला. त्यांच्या घरात मासा शिजतच असे आणि माझ्या आमटीतल्या सोलाचा वास ओळखणारे त्या शहरातले ते पहिले नाक होते. "गोवेकर, तुमच्यात आमसूल इतके काळे कसे?" असे त्यांनी विचारले तेव्हा मला जवळजवळ रडू आले. इतक्या दिवसांत माझ्या घरच्या एखाद्या गोष्टीविषयी कोणी कुतूहलाने विचारले नव्हते.

या आजींनी मला एक गोष्ट शिकवली. एकदा मी कुरकुरलो, की कचेरीत मला कोणी नावाने हाक मारीत नाही, 'गोवावाळा' म्हणतात, आणि गोव्यात हिंदूही राहतात हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटते. आजी सुपारी कातरीत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, आमचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर आले. दोनशे वर्षांवर झाली. आमची पोरे स्वप्नेसुद्धा गुजरातीत पाहतात. तरी आम्हाला येथे दक्षिणीच म्हणतात. तुला तर दोन महिने झाले." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. जणू पावसापाण्याविषयी बोलावे तसे सांगितले. मी पाहिले, की त्यांच्या मराठीत गुजराती शब्द दुधात साखरेसारखे विरघळलेले होते, आणि माझी मराठी मात्र त्यांना पुस्तकी वाटे. "तू कीर्तनकारासारखा बोलतोस," असे त्या म्हणत. आपण घरात कोकणी बोलतो, आरती आणि नाटक मराठीत करतो. आपली मराठी देवळातून आणि छापील पानांतून आलेली. ती आपल्याला मातृभाषेइतकी जवळची असते, पण ती ऐकून दुसऱ्याला हसू येऊ शकते हे मला तेथेच कळले. म्हणजे मी गुजरात्यांत परका, मराठी माणसांतही थोडा परका, आणि ते मराठी लोक त्या शहरात पुन्हा परके. परकेपणाच्या अशा एकात एक पेट्या असतात, हे घरी बसून कळण्यासारखे नव्हते.

गुजराती मी बोलू लागलो ती गरजेपोटी. दूधवाला, धोबी, टपालवाला, रांगेतला खातेदार यांपैकी कोणालाही माझ्या इंग्रजीशी कर्तव्य नव्हते. वर्षभरात बोलणे जमले. हिशेब मात्र कधी जमला नाही. नोटा मोजताना ओठ गुजराती हलत, परंतु आत कोकणीच चाले. अडतीस वर्षांत पाच राज्यांत बदल्या झाल्या, तरी मोजणी कोकणीतच राहिली.

त्या वर्षी चवथीला रजा मिळाली नाही. आपल्याकडे घराण्याचा गणपती मूळ घरी एकच. पोटासाठी कोठेही गेलेल्याने तेथे पोहोचावे असा दंडक. मी पोहोचू शकलो नाही, आणि वेगळी मूर्ती आणणे आपल्या रीतीत बसत नव्हते. आपल्यातील काही घराण्यांत कागदावरच्या गणपतीची पूजा होते हे मला ठाऊक होते. जुलमाच्या काळात मूर्ती लपवणे कठीण, कागद घडी करून ठेवता येतो, म्हणून ती प्रथा पडली असे वडीलधारे सांगत. मी भिंतीवर तसबीर टांगली आणि वर माटोळी बांधली. रानातली फळे वडोदऱ्यास कोठून मिळणार? खिडकीच्या गजाला आडवी काठी बांधली आणि तिला नारळ, केळ्यांचा फणा, काकडी, एक कवंडळासारखे दिसणारे कसलेसे फळ आणि सुपाऱ्या लटकावल्या. आजी जिना चढून आल्या, बराच वेळ वर पाहत राहिल्या आणि खाली जाऊन आपल्या परसातली दोन लिंबे घेऊन आल्या. "ही पण बांध," एवढेच म्हणाल्या. त्या दिवसानंतर मी त्यांना घरभाडे देताना पाकिटात घालून देऊ लागलो. नुसत्या नोटा हातावर ठेवणे मला प्रशस्त वाटेना.

सणाचा दिवस हाच परगावात सर्वांत अवघड, असे माझे निरीक्षण आहे. रोजच्या कामात माणूस विसरतो. परंतु ज्या दिवशी आपल्या गावी पालखी निघाली आहे त्या दिवशी सभोवारचे जग नेहमीप्रमाणे कचेरीत जाते, बाजार भरतो, कोणालाच त्या दिवसाची खबर नसते, तेव्हा आपण येथले नव्हे हे जसे कळते तसे एरवी कळत नाही.

येथवर मी माझ्या हालांचे वर्णन थोड्या कौतुकानेच केले, हे आपल्या ध्यानात आले असेल. आता त्याच वडोदऱ्याची दुसरी गोष्ट सांगतो, आणि ती कौतुकाची नव्हे. सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत शिकले आणि करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ साली वडोदऱ्यास आले. राहावयास जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर काढले गेले. एक हिंदू स्नेही आणि एक ख्रिस्ती स्नेही यांच्याकडे आसरा मिळण्याची आशा होती, दोघांनीही सबबी सांगितल्या. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या लेखनात त्यांनी स्वतःच ही हकीकत सांगितली आहे. त्याच बागेत, जिला आज सयाजीबाग म्हणतात, मी रविवारी भुईमुगाच्या शेंगा खात बसत असे.

माझ्या सात दारांची आणि त्यांच्या त्या दुपारची बरोबरी होऊच शकत नाही. मला परत जाण्यासाठी एक गाव होते. त्या गावात मूळ घर होते, या मंडपात माझ्या आजोबांची जागा ठरलेली होती, महाजनांच्या नोंदवहीत आमच्या घराण्याचे नाव होते. माझे उपरेपण प्रवासाचे होते. ज्याला स्वतःच्या गावातही विहिरीपासून आणि देवळाच्या पायरीपासून दूर ठेवले गेले, त्याचे उपरेपण जन्माबरोबर आलेले होते. कोलंबिया विद्यापीठात त्याला ते जाणवले नाही, स्वदेशात नोकरीवर रुजू होताच पुन्हा अंगावर आले. आपण देवस्थानांचे महाजन आहोत. आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवण्याचे अधिकार आपल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहेत, आणि १९३३ सालच्या देवस्थानांच्या नियमावलीने त्यांतील काही लिहून पक्के केले. म्हणून ही गोष्ट येथे सांगणे मला अवश्य वाटले. ती कोणाला रुचली नसेल तर माझा नाइलाज आहे.

वडोदऱ्याच्याच संदर्भात आपल्या एका भूमिपुत्राचेही स्मरण होते. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धधर्माच्या शोधात १८९९ साली घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असे फिरले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, १९०२ साली सिंहलद्वीपात भिक्षू झाले. पुढे कलकत्ता विद्यापीठातील नोकरी सोडून त्यांनी सयाजीरावांचे दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य पत्करले, कारण त्यामुळे महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिता येणार होते. हार्वर्डपर्यंत जाऊन आलेल्या या माणसाने आपले 'निवेदन' मराठीत लिहिले. जेथे जावे तेथे त्यांना आपण परके आहोत याचा पुरेपूर अनुभव आला, तरी भाषा ही एक जागा त्यांनी कायम राखली. आमच्यासारख्या पगारी माणसांना एवढे साधत नाही, परंतु वाचून धीर येतो.

आता आजच्या मुलांकडे येतो. माझा पुतण्या बंगळुरूस संगणकाच्या कंपनीत आहे. मला वाटत होते, की आमच्यापेक्षा याचे सारे सुखाचे. पगार भरपूर, विमानाने तासाभरात घर, रोज रात्री आई पडद्यावर दिसते. मग हा इतका गप्प का? चौकशी केली तेव्हा कळले, की चार वर्षांत त्याला कानडीची दहा वाक्ये येत नाहीत, कारण ती लागतच नाहीत. जेवण फोनवर मागवता येते, भाडे फोनवरून जाते, शेजारच्या दारावरचे नाव त्याने वाचलेले नाही. मला दूध हवे म्हणून गुजराती शिकावी लागली आणि गुजरातीमागून माणसे आली. त्याची गरज यंत्राने भागवली, त्यामुळे माणसे आलीच नाहीत. त्याचे दिवस बंगळुरूत जातात, संध्याकाळ फोंड्यात जाते, आणि तो पुरता कोठेच राहत नाही. सोयींवर माझा राग नाही. माझ्या वडिलांना नाकेबंदीच्या दिवसांत असा फोन मिळता तर त्यांनी त्याची पूजा केली असती. परंतु सोय ही सोबत नव्हे, एवढे मात्र दिसते.

आणि असा मुलगा जत्रेला येथे येतो तेव्हा आपण काय करतो? पालखीला खांदा कोणी, कोणत्या क्रमाने द्यावयाचा हे त्याला माहीत नसते. अवसर कोठून येतो, कोठे उभे राहावे, सोवळे कोठे नेसावे हे माहीत नसते. तो खांबाला टेकून उभा राहतो. आपल्यातला कोणी वडीलधारा त्याला विचारतो, "तूं कोणालो रे?" हा प्रश्न प्रेमाने विचारला तर त्यासारखे स्वागत दुसरे नाही, कारण जगातल्या दुसऱ्या कोणत्याही शहरात तो कोणाचा हे त्याला कोणी विचारणार नाही. पण तोच प्रश्न भुवई उंचावून विचारला तर पोर पुढच्या वर्षी येत नाही. गेल्या जत्रेत मी दोन्ही सूर ऐकले. बाहेरगावच्या कुळाव्यांची शहरवार पत्त्यांची वही करावी, नव्या गावी जाणाऱ्याला तेथील दोन घरे दाखवून द्यावीत, ही सूचना मी समितीस लेखी दिली आहे. कूड उभारण्याची आपली ताकद नसेल, परंतु एक वही कोणालाही जमेल. पुण्याच्या आणि वडोदऱ्याच्या पानांची जबाबदारी मी घेतो.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे आणि तो या आवारातलाच आहे. 'भायलो' आणि 'घाटी' हे दोन शब्द आपल्या तोंडी किती सहज येतात, ते पाहावे. आपण ताटात घेतो तो मासा पकडणारे ट्रॉलरवरचे खलाशी ओडिशाचे आणि झारखंडचे असतात, हे मालिमच्या धक्क्यावर जाऊन कोणीही पाहावे. देवीला वाहतो ती फुले पुष्कळदा घाटावरून येतात, आणि विकणारी बाईही घाटावरचीच. आपल्या मुलाला बंगळुरूत कोणी असा शब्द वापरला तर आपण रात्रभर झोपणार नाही.

गेले चार महिने देवळाच्या प्रदक्षिणा-मार्गाची फरसबंदी चालू आहे. काम करणारी अकरा माणसे आहेत, तीन बायका आणि दोन लहान मुले धरून. आपापली गावे सोडून ती पोटासाठी येथे आली आहेत. आपण आज ज्या गुळगुळीत चिऱ्यांवरून अनवाणी चाललो ते त्यांनी बसवले. ती तळीच्या मागे पत्र्याच्या आडोशाखाली राहतात. अग्रशाळेच्या मागच्या अंगाच्या चार खोल्या जत्रेचे दिवस सोडले तर वर्षभर कुलूपबंद असतात. त्यांपैकी दोन खोल्या काम संपेपर्यंत या मंडळींना द्याव्यात असे मी समितीच्या गेल्या बैठकीत सुचवले होते. अग्रशाळा कुळाव्यांसाठी बांधली आहे, बाहेरच्यांना खोली दिल्यास पायंडा पडेल, असा आक्षेप आला. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. देवस्थानची मालमत्ता सांभाळणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. म्हणून मी अट सुचवतो: मुदत काम संपेपर्यंतची, नावे नोंदवहीत, दिवाबत्तीचा खर्च माझ्याकडून. नियमावलीतील कोणतेही कलम त्याच्या आड येत नाही, हे मी वकिलांकडून तपासून घेतले आहे.

अध्यक्ष महाशय, पाऊस सुरू होण्यास आता तीन आठवडे आहेत आणि पत्रा आताच दोन ठिकाणी गळका आहे. हा ठराव मी लेखी स्वरूपात आपल्यापुढे ठेवीत आहे. सूचक म्हणून माझी सही केली आहे. अनुमोदकाची जागा मोकळी आहे.